गावातील घरगुती औषधे, मुलांचा आहार आणि बालआजार यांचा अभ्यास कसा करावा

मराठवाड्यातील एखाद्या गावात लहान मुलांना आजारपणात घरी काय दिले जाते, एरवी त्यांच्या ताटात काय असते आणि त्यांची वाढ कशी होते, याचा पद्धतशीर अभ्यास करू इच्छिणारे विद्यार्थी, शिक्षक, अंगणवाडीताई आणि आशाताई यांच्यासाठी ही मांडणी केली आहे. या अभ्यासाला फार पैसा लागत नाही. चिकाटी, नेमकेपणा आणि प्रामाणिकपणे भरलेली वही मात्र लागते. महाविद्यालयीन प्रकल्पांत बहुधा गावात आढळलेल्या औषधी वनस्पतींची लांबलचक यादी असते, परंतु कोणत्या वनस्पतीचा कोणता भाग, किती, कोणत्या वयाच्या मुलाला, किती दिवस दिला आणि पुढे काय झाले, यांपैकी काहीच त्यात नसते. अशी यादी पुढे कोणाच्याही उपयोगी पडत नाही. ज्या नोंदीच्या आधारे दुसरा माणूस त्याच घरी जाऊन तीच गोष्ट पुन्हा तपासू शकतो, तीच नोंद संशोधनाच्या कामाची असते. पुढील बहुतेक सूचना या एका कसोटीतूनच आल्या आहेत.

प्रश्न लहान घ्यावा आणि हंगाम पाहून घ्यावा

‘आमच्या गावातील औषधी वनस्पती’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना ढाळ लागल्यावर पहिल्या दोन दिवसांत घरी काय पाजले जाते, आणि त्यांपैकी किती मुलांना ओआरएस व झिंक मिळते’ हा प्रश्न झाला, कारण त्याचे उत्तर घरोघर विचारून मिळू शकते आणि ते चूक की बरोबर हेही तपासता येते. पुढील विवेचनात हेच उदाहरण धरले आहे. खोकला, जंत किंवा रक्तक्षय यांपैकी एखादा आजार घ्यायचा असेल तरी रीत तीच राहते.

प्रश्न ठरवताना वर्षाचे चक्र डोळ्यांपुढे असावे. ढाळ आणि हगवण यांचा जोर पहिल्या पावसानंतर विहिरी-बोअरमध्ये गढूळ पाणी उतरते तेव्हा असतो, तसाच तो उन्हाळ्यात टँकरचे पाणी हौदात आणि टिपात साठवून प्यावे लागते तेव्हाही असतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते; अशा टंचाईच्या वर्षी गोळा केलेले आकडे चांगल्या पावसाच्या वर्षाच्या आकड्यांशेजारी ठेवून सरळ तुलना करता येत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीवर तारखेबरोबरच त्या आठवड्यात पिण्याचे पाणी कोठून येत होते आणि त्यात क्लोरीन आढळले का, हेही लिहावे.

याहून मोठी अडचण स्थलांतराची आहे. बीड जिल्ह्यातील आणि धाराशिव, जालना, परभणी यांच्या काही भागांतील ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या टोळीबरोबर कारखान्याकडे जातात आणि गळीत हंगाम संपल्यावर, गुढीपाडव्याच्या मागेपुढे, परततात. जानेवारीत सर्वेक्षण केले तर ही घरे कुलूपबंद सापडतात, आणि ज्यांचे लसीकरण, वजन आणि पूरक आहार सर्वांत आधी चुकतो नेमकी तीच मुले वहीत येत नाहीत. मग गावाचे चित्र प्रत्यक्षाहून बरे दिसते. दसऱ्याआधी एक आणि टोळ्या परतल्यावर एक अशा दोन फेऱ्या कराव्यात. ते जमत नसेल तर निदान कुलूपबंद घरांची संख्या आणि त्या घरांतील पाच वर्षांखालील मुलांची संख्या अंगणवाडीच्या नोंदवहीतून घेऊन अहवालात द्यावी.

काम सुरू करण्यापूर्वी उपलब्ध माहिती वाचावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के वयाच्या मानाने खुजी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने लुकडी आणि ३६.१ टक्के वयाच्या मानाने कमी वजनाची होती. हे आकडे राज्याचे आहेत. ते प्रस्तावनेत द्यावेत, मात्र आपल्या गावालाही तेच लागू आहेत असे गृहीत धरून पुढे जाऊ नये.

संमती, आणि ज्ञान ज्याचे त्याचे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मानवी सहभाग असलेल्या संशोधनासाठी २०१७ साली नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. त्यांनुसार मुलांच्या अभ्यासाला पालकांची संमती लागते आणि सात वर्षांवरील मुलाला त्याच्या समजुतीप्रमाणे विचारून त्याचा होकारही घ्यावा लागतो. प्रकल्प महाविद्यालयामार्फत होत असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता पहिले घर गाठण्याआधी घ्यावी, नंतर नव्हे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, संभाजीनगरची घाटी (तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय), नांदेड आणि धाराशिव येथील शासकीय आयुर्वेद महाविद्यालये अशा संस्थांतील एखादे शिक्षक मार्गदर्शक म्हणून लाभले तर ही वाट सोपी होते. संमतीपत्र आईला वाचून दाखवावे, तिच्या बोलीत समजावून सांगावे, आणि नकार दिला तरी अंगणवाडीचा आहार किंवा दवाखान्याची सेवा थांबणार नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. सासूने होकार दिला म्हणजे सुनेने दिला असे धरू नये.

औषधीविषयीच्या ज्ञानाबाबत आणखी एक जबाबदारी येते. जखमेवर हळद लावण्याच्या वापरावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले होते, आणि भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लिखित पुरावे सादर केल्यावर ते १९९७ साली रद्द झाले. ज्याची लेखी नोंद नाही त्याचा बचाव करणे कठीण असते, आणि ज्याची नोंद परवानगीवाचून छापली जाते ते हातचे जाऊ शकते. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. ग्रामसेवकाकडे त्याची चौकशी करावी, समितीला अभ्यासाची कल्पना द्यावी आणि माहिती देणाऱ्याचे नाव अहवालात यावे की येऊ नये, हे त्याच व्यक्तीला विचारावे. कित्येक जाणत्या बायकांना आपले नाव छापून आलेले हवे असते, आणि तो त्यांचा हक्क आहे.

वनस्पतीची ओळख पक्की करणे

एका नावाखाली अनेक वनस्पती आणि एका वनस्पतीला अनेक नावे, ही या क्षेत्रातील चुकांची मुख्य खाण आहे. ‘ब्राह्मी’ म्हणून कोणी बॅकोपा देतो तर कोणी मंडूकपर्णी देतो. ‘शंखपुष्पी’ म्हणून किमान तीन वेगळ्या वनस्पती वापरात आहेत. गुळवेलीचे उदाहरण तर प्रत्येक अभ्यासकाने लक्षात ठेवावे असे आहे. करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघर घेतला गेला, २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी तो घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले, आणि त्यावर आयुष मंत्रालयाने गुळवेलीच्या जागी तिच्याच कुळातील टिनोस्पोरा क्रिस्पा ही गाठाळ खोडाची वेल वापरली गेली असावी, अशी भूमिका घेतली. त्या रुग्णांनी घेतलेल्या वेलीचा प्रत्येक वेळी वाळवलेला नमुना हाती असता तर हा वाद बराच लवकर मिटला असता. आपल्याकडे लवदार पानांची टिनोस्पोरा सायनेन्सिस ही आणखी एक वेलही गुळवेल म्हणून आणली जाते, म्हणून पानाला हात लावून पाहावे आणि ‘पान गुळगुळीत की लवदार, खोडावर गाठी आहेत की नाहीत’ हे वहीत लिहावे.

सांगणारी व्यक्ती जेथून वनस्पती आणते त्याच जागी तिच्याबरोबर जावे: बांध, गायरान, ओढ्याचा काठ किंवा परसदार. फुले किंवा फळे असलेली फांदी घ्यावी, कारण नुसत्या पानांवरून खात्रीची ओळख पटत नाही. फांदी वर्तमानपत्राच्या घड्यांत पसरून वर वजन ठेवावे आणि पहिला आठवडाभर कागद रोज बदलावा. पावसाळ्यात ही हयगय केली की नमुन्याला बुरशी लागते. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, स्थानिक नाव, उंची, फुलाचा ताजा रंग आणि सांगणाऱ्याचा क्रमांक लिहावा. वाळल्यावर फुलाचा रंग उडतो, म्हणून तो त्याच दिवशी लिहिणे आवश्यक असते. शास्त्रीय नावासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागासारख्या ठिकाणी नमुना दाखवावा, व्ही. एन. नाईक यांनी १९९८ साली दोन खंडांत प्रसिद्ध केलेला मराठवाड्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ या कामी मोलाचा आहे. मोबाईलमधील ॲपने सांगितलेले नाव केवळ सूचना म्हणून घ्यावे.

याच फेरीत विषारी वनस्पतींचीही नोंद करावी. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुले खातात आणि उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात जातात; धोतरा आणि कण्हेर शाळेच्या कुंपणालाही असतात. औषधी झाडांच्या नोंदीत या झाडांना जागा नसते, पण बालआरोग्याच्या अभ्यासात ती असलीच पाहिजे.

‘एक वेढा’ म्हणजे किती

मात्रेचा प्रश्न सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर वेळ घालवावा. बाळगुटीचे उदाहरण घेऊ. हळकुंड, सुंठ, हिरडा, बेहडा, मुरडशेंग, वेखंड, जायफळ, मायफळ, अतिविष, ज्येष्ठमध, खारीक, बदाम असे घटक सहाणेवर थोड्या पाण्यात किंवा आईच्या दुधात उगाळून चाटवले जातात, आणि मात्रा वेढ्यांत मोजली जाते; सहाणेवर उगाळताना घेतलेला एक फेरा म्हणजे एक वेढा. विचारणा साधारण अशी होते:

“आजी, मुरडशेंगेचे किती वेढे देता?”

“लेकरू बघून. सव्वा महिन्याचं असंल तर एक, पाय टाकायला लागलं की दोन-तीन.”

“किती दिवस?”

“पोट बसंपर्यंत.”

या उत्तरात वयानुसार मात्रा आहे, औषध बंद करण्याची खूणही आहे. नाही ते वजन. ते मिळवण्यासाठी आजींनाच त्यांच्या नेहमीच्या सहाणेवर, नेहमीच्या दाबाने दहा वेढे उगाळायला सांगावे. उगाळलेला सगळा लेप आधी वजन करून ठेवलेल्या छोट्या वाटीत बोटाने निपटून घ्यावा, वाटी झाकून सावलीत पूर्ण वाळू द्यावी आणि पुन्हा वजन करावे. दोन्ही वजनांतील फरकाला दहाने भागले की एका वेढ्यात किती कोरडे द्रव्य उतरते ते कळते. यासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागतो. महाविद्यालयात नसेल तर गावातील सोनाराकडे असतो. हेच दुसऱ्या घरी, दुसऱ्या सहाणेवर करावे. सहाण खरखरीत आहे की झिजून गुळगुळीत झाली आहे, मुळी नवी आहे की जुनी, हात म्हाताऱ्या आजीचा आहे की तरण्या सुनेचा, यांनुसार त्याच ‘एका वेढ्यात’ किती फरक पडतो ते आपल्या वहीतच दिसेल. काढ्यासाठी चिमूट, मूठ, पेला आणि ‘निम्मे आटवून’ या मापांचेही असेच ग्रॅम आणि मिलिलिटरमध्ये रूपांतर करावे.

घटकाचे वजन कळले की त्याच्या सुरक्षिततेविषयी बोलता येते. वेखंडात बीटा-ॲसारोन हा कर्करोगकारक ठरू शकणारा घटक असतो आणि अमेरिकेने १९६८ साली वेखंड अन्नपदार्थांत वापरण्यास बंदी केली. जायफळ जास्त झाले तर मूल गुंगीत जाते. शिवाय पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, पाणीही देऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची आणि आपल्या शासनाची शिफारस आहे, आणि वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, कारण त्यातून बोटुलिझमचा धोका असतो. अभ्यासकाने आजींशी वाद घालू नये, परंतु सहा महिन्यांखालील बाळाला गुटी सुरू आहे असे आढळले तर मुलाखत संपल्यावर ही माहिती आईला शांतपणे द्यावी आणि ती दिल्याचे वहीत लिहावे. निरीक्षक म्हणून गेलो आहोत म्हणून गप्प बसणे मला मान्य नाही.

वय, वजन, उंची आणि दंडघेर

मोजमापात पहिली चूक वयाची होते. जन्मदाखला किंवा माता व बाल संरक्षण कार्ड पाहावे. तेही नसेल तर सणवारांचे स्थानिक कॅलेंडर तयार ठेवावे: लातूर-धाराशिवकडे येळवस (वेळा अमावस्या), इतरत्र पोळा, महालक्ष्म्या, तुळजापूरचे नवरात्र, माळेगावची यात्रा, परळीची महाशिवरात्र. ‘येळवशीच्या आधी की नंतर, किती दिवसांनी’ असे विचारल्यावर आईला महिना आठवतो. वय पूर्ण झालेल्या महिन्यांतच लिहावे.

वजनकाटा रोज सकाळी किराणा दुकानातील प्रमाणित पाच किलोच्या वजनाने तपासावा. मुलाच्या अंगावर कमीत कमी कपडे असावेत; वाळे, करदोटा, ताईत काढणे घरच्यांना नको असेल तर ते अंगावर होते एवढे लिहावे. दोन वर्षांखालील मुलाची लांबी आडवे झोपवून आणि त्यावरील मुलाची उंची उभे करून मोजावी. आडवी लांबी उभ्या उंचीहून सुमारे ०.७ सेंटिमीटर जास्त भरते, म्हणून दोन्हींची सरमिसळ करू नये. प्रत्येक माप दोघांनी स्वतंत्रपणे घ्यावे आणि लांबीत अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक तफावत आल्यास पुन्हा मोजावे.

दंडघेर पट्टी सोपी दिसते आणि म्हणूनच चुकते. डावा हात कोपरात काटकोनात वाकवून खांद्याच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे, मधोमध पेनाने खूण करावी, मग हात सरळ सैल सोडून त्या खुणेवर पट्टी गुंडाळावी. पट्टी कातडीला सगळीकडे टेकली पाहिजे, पण मांस दबता कामा नये. सहा महिने ते पाच वर्षे वयात घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी असेल तर मूल तीव्र कुपोषित आणि ११.५ ते १२.५ च्या आत असेल तर मध्यम कुपोषित धरले जाते. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा राहतो का तेही पाहावे. दोन्ही पायांना सूज असेल तर वजन ठीक भरले तरी ते मूल तीव्र कुपोषितच असते. असे मूल सापडल्यावर अहवालाची वाट पाहू नये. त्याच दिवशी अंगणवाडीताई आणि आशाताईंना कळवून प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी, जेणेकरून त्याला ग्राम बाल विकास केंद्रात किंवा गरज पडल्यास पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करता येईल.

ताटात काय आहे

आहारासाठी मागील चोवीस तासांची विचारणा पुरेशी असते. काल सकाळी उठल्यापासून आज सकाळपर्यंत मुलाने काय खाल्ले ते क्रमाने विचारावे, आणि ‘काल नेहमीसारखा दिवस होता का’ हे आधी विचारावे. लग्नाच्या पंगतीचा, एकादशीचा किंवा आमरसाचा दिवस नेहमीचा नसतो. भांडी त्याच घरची पुढे मांडावीत. ‘अर्धी भाकरी’ म्हटल्यावर तशीच भाकरी अर्धी करून तोलावी, आणि ताटात वाढलेले लिहून न थांबता ताटात उरलेले वजा करावे. वरणाच्या बाबतीत डाळ किती आणि पाणी किती हे स्वयंपाक करणारीलाच विचारावे, कारण वरच्या पाण्यात भाकरी कुस्करून मुलाला भरवतात आणि डाळ भांड्याच्या तळाशी मोठ्यांसाठी राहते.

सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने आठ अन्नगट मानले आहेत: आईचे दूध, धान्ये व कंदमुळे, डाळी-शेंगा व तेलबिया, दूधदुभते, मांस-मासे, अंडी, ‘अ’ जीवनसत्त्वयुक्त भाज्या-फळे, आणि इतर भाज्या-फळे. आदल्या दिवशी यांपैकी किमान पाच गटांतील अन्न पोटात गेले असेल तर आहारात पुरेशी विविधता आहे असे मानतात. पोषणमूल्य काढण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेले ५२८ खाद्यपदार्थांचे तक्ते वापरावेत.

आपल्याकडील दोन-तीन गोष्टी मात्र छापील प्रश्नावलीत येत नाहीत, त्या स्वतः जोडाव्यात. तांदुळजा, घोळ, पाथरी, तरोटा, कुर्डू, अंबाडी, करडईची कोवळी भाजी आणि शेवग्याचा पाला यांपैकी काय, कोणत्या महिन्यात आणि घरातील कोण खाते, हे विचारावे. तणनाशकाच्या फवारणीमुळे बांधावरची भाजी आता मिळत नाही, असेही ऐकायला मिळेल आणि तेही नोंदवण्यासारखे आहे. भाकरीची ज्वारी घरची की विकतची, वाण कोणते, की आता रेशनचा गहू-तांदूळच चालतो, हे लिहावे, कारण परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या साथीने विकसित केलेल्या आणि २०१८ मध्ये आलेल्या ‘परभणी शक्ती’ या वाणात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीहून अधिक असते. चहा-बिस्किटे आणि पाच रुपयांचे पुडे हे बहुधा ‘खाणे’ म्हणून सांगितले जात नाहीत. ते वेगळे विचारावे लागतात. चहा जेवणाबरोबर घेतल्यास अन्नातील लोह कमी शोषले जाते, म्हणून चहाची वेळही लिहावी.

आजाराची नोंद

चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौच झाली तर तो अतिसार, अशी व्याख्या आधीच ठरवून सर्व मुलाखतकारांनी तीच पाळावी. केवळ आईचे दूध पिणाऱ्या तान्ह्याची नेहमीची पातळ शी यात मोजू नये. मागील दोन आठवड्यांपुरतेच विचारावे, कारण त्यामागचे नीट आठवत नाही. पहिल्या पातळ शौचेपासून घड्याळ लावल्यासारखा क्रम लिहावा: आधी काय दिले, मग कोणाला विचारले, बाळगुटी कधी, दुकानातील गोळी कधी, ओआरएस कधी, दवाखाना कधी. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात विरघळवली की पेलाभर पाण्यात थोडी-थोडी, हे प्रत्यक्ष करून दाखवायला सांगावे. झिंकची गोळी चौदा दिवस दिली की ढाळ थांबताच बंद केली, हे उरलेल्या गोळ्या मोजून पाहावे. सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम ही मात्रा आहे.

मुलाखतीच्या वेळीच मूल आजारी असेल तर वही मिटावी. ते पीत नसेल, सगळे उलटून टाकत असेल, आकडी आली असेल, मलूल पडले असेल, डोळे खोल गेले असतील, पोटाच्या कातडीची चिमटी सावकाश खाली बसत असेल किंवा शौचेतून रक्त जात असेल, तर १०८ क्रमांकावर गाडी मागवावी आणि वाटेत चमच्याने ओआरएस पाजत राहावे. मात्र आकडी चालू असताना किंवा मूल शुद्धीवर नसताना तोंडात काहीही घालू नये. ‘धाप लागली’, ‘पोट उडतंय’ असे आई म्हणाली तर मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत: दोन महिन्यांखाली ६० किंवा अधिक, बारा महिन्यांखाली ५० किंवा अधिक, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर न्यूमोनिया समजून तातडीने दवाखाना गाठावा. अशा मुलाच्या पोटावर बिब्ब्याचे डाग आढळतात. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते आणि दवाखान्याला उशीर होतो तो निराळाच. ते डाग कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून दिले हे न रागावता विचारून लिहावे, नाहीतर पुढच्या घरी ते पदराआड लपवले जातील.

‘गुण आला’ हे कसे तपासावे

लहान मुलांचा बहुतेक साधा अतिसार आठवडाभरात आपोआप थांबतो. त्यामुळे मुरडशेंग दिली आणि तिसऱ्या दिवशी ढाळ थांबले, एवढ्यावरून मुरडशेंगेने ते थांबवले असे म्हणता येत नाही, आणि तिचा उपयोग नाही असेही म्हणता येत नाही. ज्यांना ती दिली नाही अशा, तेवढ्याच वयाच्या आणि तेवढ्याच तीव्रतेच्या आजाराच्या मुलांत ढाळ कधी थांबले, हे शेजारी ठेवल्यावाचून उत्तर मिळत नाही. गाव पातळीवरच्या अभ्यासाने ही तुलना फक्त निरीक्षणातून करावी. कोणत्या मुलाला काय द्यायचे हे अभ्यासकाने ठरवणे म्हणजे वैद्यकीय चाचणी होते. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टर, नैतिकता समिती आणि भारताच्या चाचणी नोंदणी यंत्रणेतील पूर्वनोंदणी लागते.

तरीही निरीक्षणाच्या पायरीला कमी लेखू नये. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन प्रत्येकाच्या रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली प्रसिद्ध केल्या, त्यानंतर या मुळीकडे जगाचे लक्ष गेले. आपल्या कुंपणाला असलेल्या अडुळशातील व्हॅसिसिन या घटकावरून ब्रोमहेक्झिन हे खोकल्याचे औषध तयार झाले. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण पाजायला सुरुवात केली, आणि त्या गर्दीतही रुग्ण व मृत्यू यांची मोजदाद ठेवली गेली म्हणूनच मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांखाली आल्याचे पुढे दाखवता आले.

नोंदी मांडताना

गावात वीस-पंचवीस आजारी मुलेच भेटली असतील तर टक्केवारी देऊ नये. इतक्यांपैकी इतकी असे सरळ लिहावे. एका वाक्यात निरीक्षण आणि मत मिसळू नये: ‘आईने सांगितले’, ‘आम्ही पाहिले’ आणि ‘आम्हाला वाटते’ हे तीन वेगळे स्तंभ ठेवावेत. ज्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही तेथे रिकामी जागा न सोडता ‘माहीत नाही’, ‘सांगितले नाही’ किंवा ‘विचारायचे राहिले’ यांपैकी योग्य ते लिहावे. औषध घेतल्यावर पुरळ, गुंगी, कावीळ असा त्रास झाल्याचे आढळल्यास आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवावे, मग ते औषध झाडपाल्याचे असो की मेडिकलमधले.

निष्कर्ष प्रथम गावाला सांगावेत. प्रत्येक मुलाचे वजन-उंचीचे आकडे त्याच्या आईलाच द्यावेत आणि ग्रामसभेत कोणाच्याही घराचे नाव न घेता एकूण चित्र मांडावे. मूळ वह्या कुलुपात ठेवाव्यात, वाळवलेले नमुने विद्यापीठाच्या संग्रहात द्यावेत आणि ज्यांनी परवानगी दिली त्यांच्या माहितीची एक प्रत जैवविविधता समितीच्या नोंदवहीला जोडावी. पुढील वर्षी पुन्हा जायचे असेल तर त्याच महिन्यात, त्याच काट्याने आणि शक्यतो त्याच दोन मोजणाऱ्यांनी जावे.